अकरा जणांची घोंगडी

मी एक जुनी काळी घोंगडी आहे आणि स्वभावाने अतिशय घाबरट आहे. मित्रांनो, हे आधीच सांगितलेलं बरं. लोकरीचं काळीज घट्ट असतं अशी तुमची समजूत असेल, तर ती सोडून द्या. मला उंदराची भीती वाटते, लोकर खाणाऱ्या कसरीची वाटते, पावसात भिजून कुजण्याची वाटते, आणि गेली दोन वर्षं माणसांचीही वाटू लागली आहे. आज सकाळपासून तर माझा जीव नुसता टांगणीला लागला आहे. त्यामुळे सांगताना कुठे मागेपुढे झालं, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म जत तालुक्यातला. कर्नाटकची हद्द आमच्या गावाला इतकी खेटून आहे, की चुकलेलं मेंढरू शोधायला सकाळी निघालेला माणूस दुपारची भाकरी दुसऱ्या राज्यात खातो. बिराप्पा नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्यांची मी लोकर. कातरणी झाली, लोकर धुतली, पिंजली, आणि बिराप्पाच्या आईने, लगमव्वाने, तिचं सूत काढलं. सूत काढताना ती कानडीत गाणी म्हणायची. म्हणजे पहिली भाषा माझ्या कानावर पडली ती कानडी. मराठी मी नंतर बाजारात शिकले. पुढे हरिबा विणकराने मला मागावर घेतलं. बिराप्पाला बिरोबाच्या जत्रेत चारचौघांना बसायला ऐसपैस घोंगडी हवी होती, म्हणून हरिबाने तीन पट्टे विणून एकमेकांना शिवले. शेवटी चिंचोक्याची खळ उकळून कुंच्याने माझ्या अंगावर फासली आणि मला कडक उन्हात वाळत घातलं. तेव्हापासून माझं अंग ताठ आहे आणि मी टोचते. टोचत नाही ती घोंगडी कसली, असं हरिबा गिऱ्हाइकांना ऐकवायचा.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. जत्रा, लग्नं, बारशी, पंचांच्या बैठका. मग एक उन्हाळा असा आला, की गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि त्याच्यामागे बायका घागरी घेऊन धावायच्या. देवळापुढे बैठक भरली. मला अंथरलं होतं. कुणीतरी म्हणालं, पलीकडच्या गावांत कालव्याचं पाणी खळाळतंय, आपणही कर्नाटकात जायचा ठराव करू. लोक माना डोलवू लागले. तहानेपुढे माणूस काहीही बोलतो, मी त्यांना दोष देत नाही. पण मला धडकी भरली. गावच दुसऱ्या राज्यात गेलं, तर मी कुठली, हा विचार घोंगडीलाही पडतो.

तेव्हा लालासाहेब उठले. लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बोलणं कमी, पाठ ताठ. ते म्हणाले, "पोटाला मिळंना म्हणून कुणी आय बदलत न्हाई. आमी महाराष्ट्राचं हाय. पाणी आपल्याच सरकारकडं मागायचं, आन हक्कानं मागायचं."

सगळ्यांत आधी होकार दिला तो बिराप्पाने. तो कानडीतून बोलला आणि सगळ्यांना कळलं. आमच्याकडे असं रोजच होतं, त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

असं सुरू झालं 'मायमाती आंदोलन'. बिराप्पाने मला खांद्यावर टाकून तहसील कचेरीपुढे नेलं आणि तेवीस दिवस मी तिथल्या मुरमावर पडून होते. नियम साधे होते. चपला बाहेर काढायच्या. खुर्ची कुणालाच नाही, सुभेदारांनाही नाही. सकाळी झेंड्याला सलामी द्यायची, मग रिकाम्या घागरी पुढ्यात मांडून दिवसभर बसायचं, आणि ज्याला जी भाषा येते त्या भाषेत बोलायचं. आसपासच्या गावांतले लोक येऊन-जाऊन असत. पण अकरा माणसं पहिल्या दिवसापासून जागची हलली नाहीत. ती माझ्यावर गुडघ्याला गुडघा लावून बसत. कानडी बोलणाऱ्या बायका पाण्याला 'नीरु' म्हणत आणि मराठी बोलणाऱ्या 'पाणी'. घागरी दोघींच्याही रिकाम्याच होत्या.

लोक ऐकू लागले, तशी कुजबुजही सुरू झाली. सुभेदाराला आमदार व्हायचंय, त्यासाठी हे सोंग चाललंय, असं चहाच्या गाड्यांवर बोललं जाऊ लागलं. लालासाहेबांना ते फार लागलं. अठराव्या दिवशी बिराप्पाने कमरेची पिशवी सोडली आणि भंडारा, म्हणजे देवाची हळद, माझ्या मधोमध ओतली. आमच्या भागात बिरोबाचा भंडारा हातात घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर काय होतं हेही कुणी विचारत नाही, कारण मोडलेला कुणी पाहिलेला नाही. अकराही जणांनी भंडारा उचलला. मत मागणार नाही आणि पद घेणार नाही, असं एकेकाने मोठ्याने म्हटलं. कुजबुज त्याच दिवशी थांबली. मला अभिमान वाटला, हे मी कबूल करते. हळदीचा डाग माझ्या अंगावर राहिला तो राहिलाच.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी कुणाच्या ध्यानात आली नाही, आणि मी भित्री असूनही माझ्याही आली नाही. आपण काय करणार नाही, हे अकरा जणांनी ठरवलं. ते काम पुढे दुसरं कुणी करणार असेल, तर तो कोण, याचा विचार कुणी केलाच नाही.

तेविसाव्या दिवशी पाण्याची योजना मंजूर झाल्याचा कागद आला. गुलाल उधळला गेला. वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. सांगलीला सत्कार झाला, साताऱ्याला झाला. मला हार घालू लागले. हाराची ओल मला सोसत नाही, पण सांगायचं कुणाला? पुढच्या वर्षी पाइप आले. गावापासून चार कोसांवर येऊन थांबले ते थांबलेच. त्यांत कुत्री व्यायली. लालासाहेब अर्ज घेऊन हेलपाटे घालत राहिले आणि साहेब बदलत राहिले.

त्याच सुमारास शिरवळहून इंद्रजित आले. तिथल्या कारखान्यांना कामगार नेण्या-आणण्याच्या गाड्या ते पुरवत. नात्याने लालासाहेबांचे भाचे. माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही. खंडाळ्याच्या, लोणंदच्या पोरांना त्यांच्याच गावच्या कारखान्यांत काम मिळावं म्हणून ते खरोखर उन्हात उभे राहिले होते, लाठीही खाल्ली होती. त्यांचं म्हणणं एकच: मोर्च्याला चहा मिळतो, पक्षाला खुर्ची मिळते. मायमातीचा पक्ष करा. लालासाहेबांनी महिनाभर विचार केला. शेवटी चार कोसांवरचे ते पाइप त्यांना झोपू देईनात, आणि ते हो म्हणाले.

वाईच्या एका वकीलबाईंनी नोंदणीचे कागद तयार केले. अध्यक्ष कोण, सरचिटणीस कोण, असे रकाने होते. लालासाहेब म्हणाले, आम्हा अकरांपैकी कुणाचं नाव नको, आम्ही शब्द दिलाय. ते खरंच होतं. मग राहिले कोण? जे त्या मुरमावर कधी बसलेच नव्हते ते. इंद्रजित अध्यक्ष झाले. त्यांचे मेहुणे ऋषिराज सरचिटणीस झाले. अकरा जणांना मार्गदर्शक म्हटलं गेलं. मित्रांनो, ज्यांनी प्रामाणिकपणाने हात मागे घेतले, त्यांच्याच हातून सगळं गेलं, आणि कुणी फसवूनही नेलं नाही. अशी चूक आमच्याच लोकांनी करावी!

निवडणूक चिन्ह म्हणून त्यांनी मलाच मागितलं होतं. पण यादीत घोंगडी नव्हती. मिळाली इस्त्री. आयुष्यात जिच्या अंगाला कधी इस्त्री लागली नाही, तिच्या पक्षाला इस्त्री! मी त्या दिवशी पुष्कळ दिवसांनी हसले.

मला सांगलीच्या कार्यालयात नेलं. तिथे प्लॅस्टिकच्या खोळीत घालून अध्यक्षांच्या मागे भिंतीवर टांगलं. पक्ष 'घोंगडी बैठका' घेत असे. तेव्हा मला काढून टेबलावर अंथरत, वर माइक आणि पाण्याच्या बाटल्या ठेवत आणि मंडळी बुटांसकट खुर्च्यांवर बसत. पहिल्या निवडणुकीत पक्षाचे उमेदवार सगळीकडे पडले. बरी मतं पडली ती आमच्या भागात. पडलेल्या माणसाला मोठ्याने बोलावंसं वाटतं. इंद्रजितांच्या भाषणात नवं वाक्य आलं. महाराष्ट्रात राहून कानडी बोलणाऱ्यांनी आपण कुणाचे ते एकदा ठरवावं, असं ते म्हणाले. सांगलीच्या सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या म्हणून ते वाक्य पुढच्या सभेत लांबलं.

त्या सभागृहात दुसऱ्या रांगेत बिराप्पा बसला होता. ऋषिराज वाकून त्याच्या कानाशी गेले. बिराप्पाकाका, पुढं कॅमेरा आहे, तुम्ही जरा मागे बसा, आणि कुणी विचारलं तर फार बोलू नका, असं त्यांनी अगदी गोड शब्दांत सांगितलं. बिराप्पाने मान हलवली. उठला, शेवटच्या रांगेत जाऊन बसला. लालासाहेबांनी ते पाहिलं. ते काही बोलले नाहीत. मी टेबलावर माइकखाली पडून होते. माझ्या धाग्याधाग्यात त्याच्या आईची गाणी आहेत आणि मला एक शब्द बोलता आला नाही. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आता आजचं सांगते. एका मोठ्या पक्षाने मायमातीला युतीत एक जागा देऊ केली आहे, आमच्याच भागातली. अट अशी, की उमेदवार लालासाहेब हवेत, कारण इथे दुसऱ्या कुणाच्या नावाला मत पडत नाही. अर्ज भरायचा आजचा शेवटचा दिवस. सुभेदारांच्या खांद्यावर मी असावी असा फोटो ठरला होता, म्हणून इंद्रजितांनी सकाळीच मला खोळीतून काढून गाडीत घातलं आणि गावी आणलं. लालासाहेबांच्या दारात मला जमिनीवर अंथरलं. किती दिवसांनी मातीचा वास आला!

अकरांपैकी दोघे आता नाहीत. बाकीच्यांना बोलावलं होतं. सात जण येऊन लालासाहेबांच्या भोवती बसले. बिराप्पा सर्वांच्या शेवटी आला. त्याने चपला काढल्या आणि तो माझ्या कडेला उभाच राहिला. माझ्या कडेला! ज्याने मला खांद्यावर वाहून नेलं, तो परवानगी असल्याशिवाय बसेना.

ऋषिराजांनी तोड काढली होती. बिरोबापुढे भंडारा परत ठेवायचा, गावाला जेवण घालायचं, की शब्द सुटला. इंद्रजित घाईने पण खरंच बोलत होते. आमदार झालात तर वर्षाच्या आत पाइप गावात येईल, शपथ मोठी की पाणी मोठं, असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला त्यांचं पटतही होतं, म्हणूनच भीती वाटत होती. टँकरमागे धावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. लालासाहेब माझ्यावरच्या हळदीच्या डागावरून बोट फिरवत होते. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं, मित्रांनो. मनापासून राहायचं होतं. त्यात मला पाप दिसत नाही.

ते म्हणाले, "बिराप्पा, भंडारा तुज्या हातचा हाय. तू म्हनशील तर परत ठिवतो. पाइप चार कोसावर पडल्यात गड्या. ही जागा मिळाली तर पाणी येतंय."

बिराप्पा म्हणाला, "ठिवा की सुभेदार. पानी येत असंल तर देव रागवायचा न्हाई. मी एकच इचारतो. तुमी निवडून आला, तर तुमच्या सभेत मी कुटं बसू?"

मग इंद्रजित म्हणाले, काका, तुम्ही पुढे बसा, तुम्हाला कोण अडवतंय?

"आन बोललो तर?" बिराप्पाने विचारलं.

इंद्रजितांनी खिशातला फोन काढून त्याच्याकडे पाहिलं. फोन वाजलेला नव्हता.

लालासाहेबांनी डोळे पुसले नाहीत; सैन्यातल्या माणसाला ते जमत नसावं. ते बिराप्पाकडे पाहून सावकाश म्हणाले, "सांगलीत तुला मागं बसवलं, ते मी बघितलं. आन गप बसलो. मत मागितलं न्हाई, पद घेतलं न्हाई, शपथ पाळली म्हणून छाती काढून हिंडलो. आमच्या नावानं तुला उठवलं, आन मी गप बसलो. शपथ मोडली असती तर एवढं वाईट वाटलं नसतं."

मग त्यांनी आपल्या शेजारची जागा तळहाताने झाडली आणि म्हणाले, "कूड्री." कानडीत याचा अर्थ, बसा. बिराप्पा बसला. त्याचं वजन माझ्यावर पडलं आणि माझे तिन्ही पट्टे ताणले गेले. मला रडू आलं असतं, तर तेव्हा आलं असतं.

लालासाहेबांनी इंद्रजितांना सांगितलं, की अर्ज हवा तर दुसऱ्या कुणाचा भरा. आम्ही नऊ जण सोमवारपासून पुन्हा तहसील कचेरीपुढे बसतो आहोत. इंद्रजितांचा चेहरा उतरला. हाता-तोंडाशी आलेलं पाणी तुम्ही घालवताय, उद्या याच गावातल्या बाया तुम्हाला शिव्या देतील, असं ते म्हणाले. त्यांचं हेही खोटं नाही. देतील. मला त्याचीही धास्ती आहे.

"देऊ द्यात," लालासाहेब म्हणाले. "त्या ऐकायला बी हितंच बसू."

इंद्रजित गाडीपर्यंत गेले आणि मागे फिरले. पक्षाचं नाव त्यांचं, इस्त्री त्यांची, कार्यालय त्यांचं. ते म्हणाले, तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ, पण घोंगडी पक्षाची आहे, ती द्या. आज तिच्याशिवाय फोटो कसा काढू? मग एका कोपऱ्याला त्यांनी स्वतः हात घातला आणि दुसऱ्या कोपऱ्याला ऋषिराजांना धरायला लावलं.

मित्रांनो, हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे ते याच क्षणी, याच दारातून. गाडी बाहेर सुरू आहे. माझी शिवण जुनी आहे, चार जागी उसवली आहे, आणि जोराने ओढलं तर पट्टे वेगळे होतील हे मला कळतं आहे. पण नऊ जण माझ्यावर बसले आहेत आणि त्यांच्यातलं कुणीही उठलेलं नाही. तुमच्या घरी एखादी जुनी घोंगडी असेल, तर माझं एवढं ऐका. तिला वर्षातून दोनदा ऊन दाखवा, घडीत कडुनिंबाचा पाला घाला, म्हणजे कसर लागायची नाही. पण मान द्यायचा म्हणून तिला भिंतीवर टांगू नका. तिच्यावर बसा. आणि बसायच्या आधी बघून घ्या, कुणी कडेला उभं राहिलं आहे का.

ऋषिराजांनी माझा कोपरा आत्ताच सोडला. इंद्रजितांनी अजून सोडलेला नाही.